हवालदार औटी आले तेव्हा

मु. तेलवाडी, घोडेगावजवळ, ता. नेवासे
दि. २८ नोव्हेंबर १९७२

सौ. शशिकलावहिनींना चांगुणाचा नमस्कार.

आम्ही मायलेकी इकडे बऱ्या आहोत. तुम्ही, तुमच्या आई, आप्पासाहेब आणि सावेडीची सगळी मंडळी खुशाल असाल.

यंदा आभाळानं तोंडच फिरवलं. आपली विहीर दिवाळीआधीच आटली. गाय छावणीत नेऊन बांधली. शाळेत पोरं निम्मीच उरली आहेत, बाकीची आईबापांबरोबर पाझर तलावाच्या कामावर जातात. आईही जाते. मी नको म्हणत होते. कॅप्टनची आई खडी फोडायला बसली म्हणून मुकादमसुद्धा अवघडला. ती म्हणाली, "घरात बसून काय करू, भिंतीकडं बघू? हातोडा आपटला म्हंजी डोस्कं गप ऱ्हातं." मग मी बोलायचं सोडून दिलं.

पत्र घाईनं लिहिते आहे, कारण तुम्हीही रेडिओवर ऐकलंच असेल. कैदी सुटणार. पाकिस्तानात अडकलेले आपले लोक चार-दोन दिवसांत वाघ्याच्या नाक्यावरून परत येणार. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातमी लागली आणि कुणीतरी धावत आमच्या घरी सांगायला आलं. आई तेव्हा भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला, चूल विझवली आणि म्हणाली, "गोरख येतोय."

वहिनी, तारेत लष्करानं 'बेपत्ता' असा शब्द लिहिला होता. आईनं तो शब्द मुठीत धरून वर्ष काढलं. गावात कुणी 'गेला' म्हटलं की ती उठून जायची. काल तर तिनं कहरच केला. टँकरचं पाणी माणशी दोन हंडे मिळतं, त्यातल्या एका हंड्यानं तिनं पुढची खोली सारवली. तुमची दोघांची खोली. आज आम्ही शेजारून तांब्याभर पाणी मागून प्यायलो.

दादाचा बूट-पॉलिशचा डबा उघडून बघितला, वाळून खडा झाला होता. तो तिनं माझ्या हातात देऊन नवीन आणायला सांगितलं. मी आणते म्हणाले. काय म्हणणार?

मला काय वाटतं ते विचारू नका. माझ्या शिक्षणासाठी दादानं आईशी भांडण काढलं होतं. "ही शेतात मरणार नाही, ही फळ्यापुढं उभी राहणार," असं चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाला होता. आज मी फळ्यापुढं उभी राहते आणि दाराकडं बघते. पोरांना कळतं. तीही वळून बघतात.

वैशाखात जे झालं त्याबद्दल मी लिहीत नाही. आईही त्याविषयी बोलत नाही. पण काल तिनं आपणहून तुमचं नाव घेतलं. म्हणाली, "शशीला बोलव. त्यो दारात आला अन् बायकू घरात न्हाई, बरं दिसंल का?"

तेव्हा या. जमेल तसं नव्हे, मिळेल त्या गाडीनं या. मी फाट्यावर येऊन थांबेन.

तुमची वाट पाहणारी,
चांगुणा

*

सावेडी, अहमदनगर
दि. ५ डिसेंबर १९७२

प्रिय चांगुणा,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी पिशवी भरली. आप्पांनी अडवलं नाही. ते स्वतः मला स्टँडवर सोडायला आले. घोडेगावकडे जाणारी गाडी लागलेली होती. लोक चढले, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मी खालीच उभी राहिले आणि गाडी निघून गेली.

तू फाट्यावर किती वेळ थांबली असशील, हे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

हे आले असते तर मी अनवाणी धावत आले असते, चांगुणा. पण आले नाहीत तर? त्या सारवलेल्या खोलीत सासूबाईंच्या समोर मी कशी उभी राहिले असते? वैशाखात त्यांनी माझी ट्रंक अंगणात आणून ठेवली तेव्हा मी ती उचलून आप्पांबरोबर निघाले. त्यांच्या रागाला तेवढं उत्तर होतं. त्यांच्या आशेला माझ्याजवळ उत्तर नाही.

एक तारखेपासून आम्ही रेडिओजवळून हललो नाही. आप्पा लष्करी कचेरीत तीनदा जाऊन आले. तिथला अधिकारी चांगला माणूस आहे, उभा राहून बोलतो. पण दर वेळी तेच सांगतो, 'कॅप्टन दहातोंड्यांविषयी नवीन काही कळलेलं नाही.' आप्पा घरी येऊन टोपी काढतात आणि खुर्चीत बसतात.

तुला एक सांगते. श्रावणात शेजारी हळदीकुंकू होतं. मला बोलावलं, मी गेले. यजमानीण बाई कुंकवाची कोयरी घेऊन एकेकीला लावत आली आणि माझ्यासमोर येऊन थबकली. तिचं बोट तसंच वर राहिलं. तिला लावावं की न लावावं ते कळेना आणि मला पुढं व्हावं की मागं ते कळेना. सगळ्या बायका बघत होत्या. शेवटी मीच उठून घरी आले. तेव्हापासून कुठे जात नाही. माझ्या पत्रावर तू 'सौ.' लिहिलंस. ते मी बराच वेळ पाहत बसले.

आणि ज्या दुसऱ्या लग्नाच्या गोष्टीवरून वैशाखात आप्पांना तुमच्या दारातून परत यावं लागलं, ती अजून मिटलेली नाही. ते गृहस्थ इथल्या कॉलेजात शिकवतात. त्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली. त्यांनी एकदाच, आप्पांच्या समोर, मला विचारलं आणि म्हणाले, "उत्तराची घाई नाही. नकार दिलात तरी मी कडू होणार नाही." मी होकार दिला नाही, नकारही नाही. मी कोणाच्या वतीनं उत्तर देऊ? ह्यांची बायको म्हणून, की विधवा म्हणून? मला कुणीतरी एकदा सांगा, की मी कोण आहे.

लग्नानंतर हे माझ्या वाट्याला चार-साडेचार महिने आले. त्यातले निम्मे रजेचे, निम्मे पत्रांचे. ह्यांचा आवाज मला अलीकडे आठवत नाही. बोलताना डावी भुवई उचलायचे, ती दिसते. आवाज गेला. ह्याची मला इतकी भीती वाटते, की आईजवळसुद्धा बोलले नाही. तुलाच लिहिते आहे.

सासूबाईंना नमस्कार सांग. सांगावासा वाटला तर.

तुझी,
शशी

*

तेलवाडी
दि. १६ जानेवारी १९७३

प्रिय वहिनी,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले म्हणून रागावू नका. लिहायला बसत होते आणि उठत होते.

तलावाचं काम आता बांधापर्यंत आलं आहे. शाळेत सुकडी येते, त्यामुळे पोरं जेवणाच्या सुट्टीपर्यंत तरी थांबतात. छावणीत गाईचं बरं चाललं आहे, वाळली आहे पण उभी आहे. शेजारच्या रंगुबाईच्या थोरलीचं लग्न ठरलं, पाण्याअभावी पाडव्यानंतर करायचं म्हणतात.

हे सगळं मी का लिहिते आहे ते तुम्हाला समजलं असेल.

गेल्या मंगळवारी दुपारी मी दुसरीच्या वर्गावर होते. पोरांचे पाढे चालले होते. मध्येच ते थांबले. वळून बघितलं तर दारात एक माणूस उभा. मिलिटरीचा पोशाख, काखेत कुबडी, उजवा पाय गुडघ्याखाली नाही. चाळिशीचा असेल. म्हणाला, "दहातोंडे साहेबांच्या भगिनी आपनच का?"

मी खडू ठेवला. मान हलवली.

"मी हवालदार सहादेव औटी. आपल्या पारनेर तालुक्यातला. साहेबांच्या कंपनीत हुतो. वाघ्यावरून आलो, मग इस्पितळात ठेवलं हुतं. आता सुट्टी मिळाली. घरी जायच्या आधी हिकडं आलो."

घरी जायच्या आधी. त्याची बायको-पोरं वर्षभर वाट बघत होती आणि हा माणूस आधी आमच्याकडे आला. तेव्हाच मला कळलं. चांगली बातमी असती तर ती त्याच्या आधी, दादाच्या पायांनी आली असती.

मी पोरांना सोडून दिलं आणि त्यांना घेऊन घराकडे निघाले. वाटेत त्यांना विचारलं, "तुम्ही बघितलंत?" ते म्हणाले, "व्हय ताई. शेजारीच हुतो." पुढं मी काही विचारलं नाही. घराशी आल्यावर मात्र मी त्यांच्यापुढं उभी राहिले आणि हात जोडले. म्हटलं, "भाऊ, आई कामावर आहे. ती यायच्या आत चहा घ्या आणि जा. माझ्याजवळ सांगा, तिला सांगू नका. ती ह्या एका आशेवर उठते, जेवते, कामाला जाते. ती तुम्ही काढून घेतलीत तर मी तिला कशावर जगवू?"

ते ओट्यावर टेकले. कुबडी बाजूला ठेवली. म्हणाले, "ताई, ह्ये सांगायलाच मी मागं राह्यलो, आसं धरून कैदेत दिवस काढले. पर तुमी घरच्या हायेत. तुमी म्हनाल तसं."

तेवढ्यात तलावाच्या अंगानं ओरडा आला.

कुणीतरी वाटेनं जाताना लांबून त्यांचा पोशाख बघितला होता आणि कामावर जाऊन सांगितलं, 'साळूबाई, तुझ्या घरी मिलिटरीवाला आलाय.' तिथून तोंडोतोंडी त्याचं 'तुझा गोरख आला' झालं. मी दारातून बघितलं. आई ढेकळांतून पळत येत होती. डोक्यावर पदर नाही, पायात वहाण नाही, हातात हातोडा तसाच. तिच्या मागं सगळं काम सोडून बाया येत होत्या. साठीची बाई, वहिनी. मध्ये एकदा पडली, उठली, पुन्हा पळाली.

अंगणात आली. औटी कसेबसे कुबडीवर उभे राहिले होते. आईनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग पाय नव्हता तिकडं बघितलं. पुन्हा तोंडाकडं. तिच्या तोंडावरचं हसू कसं आणि कधी गेलं ते मला सांगता येणार नाही. तिनं हातोडा खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "कोन रं बाबा तू?"

त्यांनी नाव सांगितलं.

"माझ्या गोरखबरोबर हुतास?"

"व्हय आई."

"मंग त्यो कुटं हाय?"

औटींनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी शब्द दिला होता. आता मी एकदा 'माहीत नाही' म्हणा अशी मान हलवली असती, तर ते तसंच म्हणाले असते. बाया कुंपणाशी उभ्या होत्या. मला तुमचं पत्र आठवलं. वर राहिलेलं ते बोट आठवलं. मी म्हटलं, "सांगा."

त्यांनी सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते, मला त्यात काही घालायचं नाही.

"आमी त्यांची एक चौकी घेतली हुती. दुसऱ्या दिशी सकाळी धुकं लई पडलं, अन् धुक्यातनं त्यांचे रनगाडे आले. मागं यायचा हुकूम झाला. चालता येत हुतं ती मानसं निघाली. आमी काहीजन पडलेलो. साहेब म्हनाले, ह्यांना नेल्याबिगर मी येनार न्हाई, स्ट्रेचर घेऊन परत या. स्वतः थांबले. मशीनगन कदी ह्या टोकावरनं चालवायची, कदी पळत जाऊन त्या टोकावरनं, म्हंजी त्यांना वाटावं लई मानसं हायेत. आसं दुपारपतोर रोखलं. मधला रस्ता तुटला, त्यामुळं आपली मानसं परत येऊ शकली न्हाईत. धुकं उठलं अन् त्यांना दिसलं की एकच मानूस हाय. साहेबांच्या पोटात लागली."

आई म्हणाली, "धुकं हुतं म्हनतोस. मंग दुसरा कुनी आसंल. तुजी बी शुद्ध न्हवती."

"आई, साहेब सरपटत माज्याजवळ आले."

"धुक्यात सगळीच तोंडं सारखी दिसत्यात." तिचा आवाज चढला. "माझ्या लेकाला तू मारतोस व्हय रं, माझ्याच दारात उभा ऱ्हाऊन? तारंत लिव्हलंय, बेपत्ता. तू कोन मोठा लागून गेलास?"

कुंपणापाशी कुणीतरी रडायला लागलं. आई तिकडं बघून "गप बसा गं" म्हणून ओरडली. मला वाटलं, ती आता त्यांना हाकलून देणार, आप्पासाहेबांना हाकललं तशीच. औटी मात्र हलले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "मला झोप येत हुती, रगत लई गेलं हुतं. साहेब म्हनाले, औटी, झोपायचं न्हाई, गोष्ट ऐक. अन् सांगत बसले. म्हनाले, मी रजेवर घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायला गेलो वर्दी घालून. व्यापाऱ्यानं वर्दी बघून भाव चढवला. मंग फुडच्या बाजाराला धोतर-पटका घालून गेलो अन् बैल आनला. येताना ओढ्यात बैल बसला, उठंचना. मी बी त्याच्याबरूबर पान्यात बसलो, दिवस कलंपतोर. मंग आई शोधत आली, बैलाच्या कानात कायतरी बोलली, अन् बैल उठला."

वहिनी, ही गोष्ट तुम्हालाही ठाऊक नसेल. मलाच दादानं लग्नाच्या आधी हसत हसत सांगितली होती, आणि आईनं शपथ घातली होती की बाहेर बोलायचं नाही, गाव हसेल.

आई हळूच म्हणाली, "मी काय बोलले, त्ये सांगितलं का त्यानं?"

"मी इचारलं. साहेब म्हनाले, आईनं मला कदी सांगितलंच न्हाई."

आई तिथंच मातीत खाली बसली. म्हणाली, "मी म्हनलं हुतं, ऊठ बाबा, माजं लेकरू गारठलंय."

मातीवरून हात फिरवत तिनं विचारलं, "थंडी हुती का रं तिथं?"

"हुती आई."

"माज्यासाठी काय बोलला?"

औटींच्या डोळ्यांत पाणी आलं. "खोटं सांगू का आई? शेवटाला बोलनं समजत न्हवतं. दुखत हुतं लई."

"खरं सांगितलंस, बरं केलंस," ती म्हणाली. "कुटं ठेवला?"

त्यांनी सांगितलं, पलीकडच्या एका मेजरनं दादाला सलाम केला आणि बाभळीखाली खड्डा खणायला लावला. औटींना उभं राहता येत नव्हतं. त्यांनी बसूनच मूठमूठ माती घातली. आईनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटेसुलटे करून बघितले आणि कपाळाला लावले. तेव्हा ती रडली. वर्षभराचं सगळं एकदम रडली.

नंतर तिनंच त्यांना रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी वाढली. ते जेवत होते तोवर ती समोर बसून होती. घराकडे निघताना त्यांना म्हणाली, "तुज्या बायकूला सांग, उशीर माज्यामुळं झाला."

वहिनी, आता तुमच्याविषयी.

दोन दिवसांनी भावकी बसली. लंकाकाकू, आमची चुलती, म्हणाली, सुनेला आणा, रीतीप्रमाणं बांगड्या फोडा, कुंकू पुसा, आणि ती दुसऱ्या घरात जायचं म्हणत असेल तर दहातोंड्यांच्या नावाला बट्टा लागू देऊ नका. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी आईकडं बघितलं. कारण वैशाखात आई ह्याहून वेगळं बोलली नव्हती.

आई सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "लंके, माजा मालक गेला तवा मला बी तू अशीच धरून बसवली हुतीस. माज्या मनगटात काच घुसली हुती, त्ये तुला आठवत नसंल, मला आठवतंय. माज्या सुनेच्या अंगाला कुनी हात लावायचा न्हाई. लावंल त्याला मी काय करीन त्ये मलाच ठाव न्हाई." आणि उठून गेली. भावकीही उठली.

काल संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "शशीला लिही. मी बोलते तसंच लिही, तुजं शहानपन घालू नको." ती बोलली तसंच लिहून घेतलं, ते असं:

"शशे, गोरख गेला. ह्ये मी माज्या तोंडानं सांगते, म्हंजी तुला दुसऱ्या कुनाला इचारायला लागू नये. येत्या सोमवारी परवरासंगमाला त्याचं काय ते करायचं हाय. तू ये. आप्पासाहेबांना बी आन, मी त्यांच्यापुढं वाईट वागले, त्ये मी त्यांना तिथंच सांगंन. बांगड्या काढायच्या का ठेवायच्या, त्ये तुजं तू ठरव. मंगळसूत्र तेवढं माज्या हातात दे. तुज्या गळ्यात मीच घातलं हुतं गोरखच्या मागं हुभं ऱ्हाऊन, म्हनून मीच घेते. त्या मास्तराला हो म्हन. न्हाई म्हनायचं आसंल तर तुला वाटतं म्हनून न्हाई म्हन, आमच्यासाठी न्हाई. आन हो म्हनलीस तर लग्नाला मला बोलव. मी मागं हुभी ऱ्हाईन, कुनाला दिसनार न्हाई आशी. गोरखचा आवाज आठवत न्हाई म्हनून तू भ्यालीस, चांगुनानं मला वाचून दाखवलं. भिऊ नको. सोमवारी घाटावर माज्याजवळ बस. त्यो ल्हानपनी कसा बोलायचा, तुला कशी हाक मारायचा, बैलाला कशी मारायचा, समदं तुला सांगते. एकदा ऐक, आन मग जा."

लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "खाली काय लिव्हत्यात?" मी म्हटलं, "आपलं नातं लिहितात." ती पदराचं टोक पिळत बसली. सासू लिहू का, असं मीच विचारलं. बाहेर बाया तलावाच्या कामावरून परत येत होत्या, त्यांच्या पाट्यांचा आवाज येत होता.

मग म्हणाली, "सासू नको, ती आता मोकळी हाय. पर माज्यासारखीच ती बी त्याचीच. लिही,

तुजी,
गोरखची आई."